चीफसाहेबांना बेट दाखवलं तो दिवस

सहा वर्षं मनोहर भाटकर सिंगापुरात भाड्याची गाडी चालवत होता, आणि त्याचं म्हणणं असं की मागच्या सीटवर बसलेला माणूस पाच मिनिटांत कळतो. दार कसं लावतो, पाय कुठे ठेवतो, फोनवर बायकोशी कोणत्या आवाजात बोलतो, एवढं पुरतं. गेल्या मार्चमधल्या त्या रविवारी मात्र त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत. आवाज ऐकला आणि ओळखलं.

मनोहर बावन्न वर्षांचा. मूळचा जयगडचा. वडील तिथल्या पोस्टात पोस्टमास्तर. मनोहर तरुणपणी बोटीवर होता, फोर्थ इंजिनिअर, म्हणजे इंजिनरूममधला सगळ्यात धाकटा अधिकारी. ते सव्विसाव्या वर्षीच संपलं. पुढे सुलेखाशी लग्न झालं. ती तांजोंग पगारच्या एका ऑफिसात अकाउंटंट होती, तिच्यामागोमाग तो इथे आला. अठरा वर्षं जहाजदुरुस्तीच्या एका वर्कशॉपमध्ये फिटरचं काम केलं, गुडघे गेले, मग गाडी घेतली. पासिर रिसला नवव्या मजल्यावर फ्लॅट, एकुलती मुलगी अनुया वन-नॉर्थ भागात नोकरीला. बोटीवरचं का संपलं हे सुलेखाला माहीत होतं. अनुयाला नव्हतं.

मराठी मंडळातली उत्कर्षा अधूनमधून त्याला गिऱ्हाईक द्यायची. "ठाण्याच्या एक बाई आहेत, मेधाताई. नवऱ्याबरोबर आल्यात. त्यांना सेंटोसा नकोय, गाडीतून सगळं बेट बघायचंय, मराठी बोलणारा माणूस हवाय. जाल का काका?" मनोहर हो म्हणाला. मराठी माणसं घेऊन दिवसभर बेटाला चक्कर मारायला त्याला आवडायचं. लोक मोठमोठ्या इमारती बघून दमले की तो त्यांना क्रांजीकडे न्यायचा, आणि इथेही खाडी आहे, खारफुटी आहे म्हटल्यावर त्यांचे चेहरे सैल पडायचे.

सकाळी साडेआठला तो हॉटेलच्या पोर्चमध्ये उभा राहिला. साठीच्या आसपासच्या, फिकट निळा कुर्ता घातलेल्या एक बाई आल्या, नमस्कार करून मागे बसल्या. त्यांच्यामागून एक उंच, जाड मानेचा माणूस आला. केस पांढरे, शर्ट महागाचा, अंगाला अत्तराचा घट्ट वास. तो धपकन बसला आणि म्हणाला, "चला. फुल अहेड."

तोच आवाज. सव्वीस वर्षांपूर्वी इंजिनरूमच्या गोंगाटातही कानात शिरायचा तो. प्रबोध राजाध्यक्ष. त्याचा चीफ इंजिनिअर.

मनोहरचे हात स्टिअरिंगवर होते म्हणून बरं. त्याने मान वळवली नाही. गाडी रस्त्याला लावली आणि माउंट फेबरच्या दिशेने निघाला. मनात म्हणाला, ओळखणार नाही. आपल्याला टक्कल पडलेलं, चष्मा लागलेला. संध्याकाळी सोडायचं आणि विसरायचं.

मागून पिस्ते फोडल्याचा आवाज येऊ लागला. टचक, टचक. आरशात दिसत होतं. चीफसाहेब टरफलं दाराच्या कप्प्यात टाकत होते. टाकण्याआधी प्रत्येक टरफल चोखत होते.

"अहो, पिशवी घ्या ना," मेधाताई म्हणाल्या.

"असू दे गं. झाडतात हे लोक."

माउंट फेबरवर तिघे खाली उतरले. खाली बंदर पसरलेलं, नांगरलेल्या बोटी दूरवर ओळीने. चीफसाहेब कठड्याला टेकून बोटी ओळखत राहिले, ही कोळसा-धान्याची बल्क, ती तेलाची टँकर. मग मनोहरकडे वळले, त्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं. कोपराखाली वाफेने भाजल्याचा जुना पांढुरका चट्टा होता.

"हे कशाने झालं?"

"वाफ," मनोहर म्हणाला.

चीफसाहेबांनी डोळे बारीक केले. मग चेहरा असा उजळला की पाहणाऱ्याला वाटावं, सख्खा धाकटा भाऊ भेटला. "भाटकर. अरे, भाटकरच तू. मेधा, हा बघ कोण. हा माझा फोर्थ होता." आणि त्यांनी मनोहरला मिठी मारली. अत्तर आणि पिस्त्याचा ओला वास मनोहरच्या शर्टाला लागला. त्याचे हात खालीच लोंबत राहिले.

"नमस्कार, सर," तो म्हणाला.

हा "सर" तोंडातून कसा गेला ते त्याला कळलं नाही. पुढचे कित्येक दिवस ते आठवून त्याला स्वतःचीच शिसारी येत राहिली.

मेधाताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी एकदा मनोहरकडे पाहिलं आणि नजर बंदराकडे वळवली.

काय घडलं होतं ते इथे सांगायला हवं. बोटीच्या इंजिनरूमच्या तळाशी तेलकट घाण पाणी साचतं. ते यंत्रातून गाळून, तेल वेगळं करूनच समुद्रात सोडायचं असा कायदा आहे. यंत्र सारखं तुंबतं, साफ करायला वेळ जातो, बंदरात ती घाण उतरवायची तर कंपनीला खर्च येतो, आणि खर्च वाचवणारा चीफ कंपनीला आवडतो. म्हणून राजाध्यक्षांनी एका पहाटे मनोहरला बोलावून यंत्राला वळसा घालून थेट समुद्रात जाणारा पाइप जोडायला सांगितला. बोटीवरचे लोक त्याला मॅजिक पाइप म्हणतात. मनोहरने जोडला. पाच महिने ती काळी घाण समुद्रात जात राहिली. मागे पाण्यावर पसरणारा तो रंगीत तवंग त्याने कैकदा पाहिला आणि प्रत्येक वेळी वर जाऊन जेवला.

मग अमेरिकेतल्या एका बंदरात तपासनीस चढले. त्यांना पाइप मिळाला. त्या रात्री चीफसाहेब मनोहरच्या केबिनमध्ये आले, बंकवर त्याच्या शेजारी बसले, खांद्यावर हात ठेवला. "तू लहान आहेस, तुला फारसं काही होणार नाही. मी अडकलो तर सगळी बोट अडकेल. तू सांग की साफसफाईचा कंटाळा आला म्हणून मीच केलं. पंधरा दिवसांत कंपनी तुला सोडवेल. शब्द देतो." मनोहरने तसंच सांगितलं. पंधरा दिवस झाले, महिना झाला. कंपनीचा वकील एकदाच आला आणि कागदावर सही घेऊन गेला. चार महिने कोठडीत काढून, गुन्हा कबूल करून तो परत आला, तेव्हा त्याचं सर्टिफिकेट रद्द झालं होतं. कुठलीही बोट त्याला घेईना. चीफसाहेबांचा ना फोन, ना पत्र.

घरीही त्याने खरं सांगितलं नव्हतं. कोठडीतून वडिलांना, अण्णांना, लिहिलं होतं, चूक माझीच होती. अण्णांनी पुढे मरेपर्यंत तो विषय काढला नाही. त्यांनी ते खरं मानलं अशी मनोहरची समजूत होती, आणि ते शल्य त्याने कुणाला दाखवलं नव्हतं.

गाडी आता वायव्येला निघाली होती. लिम चू कांगचा सरळसोट रस्ता लागला. दोन्ही बाजूंना दाट झाडी. चीफसाहेब बोलत सुटले होते.

"मेधा, या भाटकरने तेव्हा एक गडबड केली होती. तरुण रक्त, कामाचा कंटाळा. मी पुष्कळ सांभाळून घेतलं, काय रे? नाहीतर चार-पाच वर्षं आत गेला असता."

मनोहरने आरशात पाहिलं. त्या माणसाच्या चेहऱ्यावर खोटं बोलणाऱ्याची कसलीच खूण नव्हती. गालावर पिस्त्याचा कण चिकटला होता आणि तो समाधानाने बाहेर बघत होता. इतकी वर्षं मनोहरला वाटायचं, या माणसाला झोप येत नसेल. आता कळलं की तो अगदी छान झोपत असणार. खोटं त्याच्या पचनी पडलं होतं, अंगी लागलं होतं.

पुढे एक ट्रक चालला होता. मागच्या उघड्या हौद्यात पंधरा-वीस मजूर दाटीने बसलेले, रविवार असून कामावरचे बूट घातलेले. चीफसाहेब पुढे वाकले. "हे बघ. बांगलादेशी असतील, नाहीतर तमिळ. यांना असंच ठेवायला पाहिजे. शिस्त लागते." मग फोन काढून त्यांनी फोटो घेतला. ट्रकमधल्या एका माणसाने टॉवेलने तोंड झाकून घेतलं.

क्रांजीच्या जलाशयावर उतरले तेव्हा चीफसाहेबांनी बॅगेतून टॅब काढला. झाडाखालच्या बाकावर मनोहरला शेजारी बसवलं. मेधाताई जरा लांब पाण्याकडे बघत उभ्या होत्या.

"बरं झालं तू भेटलास. मी इथे काय फिरायला नाही आलो फक्त. बुधवारी लेक्चर आहे माझं. रिटायर झाल्यापासून मी हेच करतो, समुद्राचं प्रदूषण कसं टाळायचं, अधिकाऱ्यांची नीतिमत्ता वगैरे. मुंबई, कोची, कोलंबो, सगळीकडे बोलावतात. हे बघ."

चीफसाहेब एकेक पान सरकवत गेले. तेलाने माखलेला पक्षी. काळा पडलेला किनारा. कायद्याची कलमं. मग एक पान आलं. वर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत मथळा होता, आळसाची किंमत. खाली एक फोटो. बोटीच्या डेकवर बॉयलरसूटमधला एक किडकिडीत पोरगा, हातात पाना, डोळ्यांवर काळी पट्टी मारलेली. पेपरात चोराच्या फोटोला मारतात तशी. पट्टीच्या खाली तो हसत होता. तो फोटो चीफसाहेबांनीच काढला होता, मनोहरच्या सव्विसाव्या वाढदिवसाला. त्या दिवशी कुकने शिरा केला होता.

फोटोखाली चार ओळी होत्या. फोर्थ इंजिनिअर, वय २६. वरिष्ठांना अंधारात ठेवून स्वतःच्या सोयीसाठी केलेलं कृत्य. मूळ कारण, संस्कारांचा अभाव.

मनोहरने ती शेवटची ओळ दोनदा वाचली.

"नाव नाही घातलं मी तुझं," चीफसाहेब म्हणाले. "तेवढं भान आहे. पण आता तू प्रत्यक्षच भेटलास तर माझ्या मनात एक आलं. बुधवारी तू ये. मी बोलेन, मग तुला उभा करेन. तू दोन शब्द बोल, माझं चुकलं, माझ्यासारखं करू नका. पोरांच्या काळजाला भिडेल. तुलाही हलकं वाटेल. मानधनाचं बघतो मी काहीतरी."

मनोहर उठला, जलाशयाच्या कुंपणापाशी गेला आणि खोल श्वास घेत राहिला. पाण्यावरून कुजक्या पानांचा वास येत होता. त्या माणसाच्या अत्तरापेक्षा तो बरा होता.

"विचार करतो," परत येऊन तो म्हणाला. एवढंच म्हणाला. आणि गाडीचं दार चीफसाहेबांसाठी उघडून धरलं.

त्या क्षणी हो किंवा नाही काहीच का म्हटलं नाही, हे सुलेखाने नंतर विचारलं. त्याला नीट सांगता आलं नाही. "सव्वीस वर्षांनी त्याच्यासमोर उभा राहिलो ना, तर मी परत फोर्थच झालो," तो म्हणाला. "दार उघडायचं, पिशव्या उचलायच्या. अंगातच आहे ते. घाण आहे नुसती."

वुडलँड्सला पलीकडचं मलेशिया दाखवून, उत्तरेच्या रस्त्याने ते दीड वाजता चांगी व्हिलेजला पोचले. तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्सच्या मोठ्या शेडमध्ये, रविवारची गर्दी. मनोहरने टेबल धरलं, रांगेत उभा राहून तिघांचा नासी लेमाक, नारळाच्या दुधातला भात, आणला. चीफसाहेबांनी वर कोळंबी मागवली, एक मोठी प्लेट. ते सोलत, डोकी चोखत आणि कवचं टेबलावरच थुंकत राहिले. मसाल्याचा लाल रस्सा मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला, तो त्यांनी जिभेने टिपला. टेबलं पुसणारी एक म्हातारी चिनी बाई जवळून गेली तर तिला चुटकी वाजवून बोलावलं आणि कवचांच्या ढिगाकडे बोट दाखवलं. ती सत्तरीची असावी, पाठीत वाकलेली.

"इथे आपला ट्रे आपणच ठेवायचा असतो, सर," मनोहर म्हणाला.

"मग ठेव ना."

ते हात धुवायला आणि पुढे टॉयलेटला गेले. मनोहरने ती कवचं, चोखलेली डोकी, चुरगळलेले टिश्यू, त्या माणसाच्या थुंकीने ओलं झालेलं सगळं हाताने गोळा करून ट्रेमध्ये भरलं आणि रॅकवर नेऊन ठेवलं. म्हातारीला "सॉरी, आंटी" म्हणाला. हात साबणाने तीनदा धुतले. परत आला तर मेधाताई एकट्याच बसलेल्या होत्या. त्यांचा भात तसाच होता.

"तुम्ही जयगडचे ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तुमचे वडील आमच्याकडे आले होते."

मनोहर उभाच राहिला.

"बसा," त्या म्हणाल्या. "हे यायच्या आत सांगते. तुम्ही तिकडे आत होतात तेव्हा. दुपारची वेळ. बेल वाजली. दारात एक गृहस्थ, खादीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. म्हणाले, मी जयगडच्या भाटकरचा बाप. साहेबांना भेटायचंय. हे घरीच होते, सुट्टीवर. बेडरूमच्या दाराआडून यांनी मला हाताने नाही सांगितलं. मी म्हटलं, ते बोटीवर गेलेत."

"अण्णा ठाण्याला आले होते?"

"दीड तास बसले. चहा घेतला. म्हणाले, माझ्या मुलाने लिहिलंय की चूक त्याची आहे. पण माझा जन्म पोस्टात गेला, वहिनी. माणसाने मनाने लिहिलेलं पत्र आणि कुणी सांगून लिहून घेतलेलं पत्र, मला हातात धरलं की कळतं. माझा मुलगा खोटं लिहितोय. साहेबांनी फक्त खरं काय ते सांगावं, मी कुठेही बोलणार नाही, मला माझ्यापुरतं हवंय. मग विचारलं, बोटीवर फोन लागतो का. मी म्हटलं, नाही लागत."

"आणि हे आत होते."

"आत होते. मध्ये एकदा त्यांना खोकला आला. तुमच्या वडिलांनी ऐकला. बेडरूमच्या बंद दाराकडे पाहिलं. मग उठले. पिशवी ठेवून गेले, फणसाची साठं होती आणि आमसुलं."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी मोठ्याने हसलं. मनोहरने विचारलं, "पिशवीचं काय केलंत?"

मेधाताई गोंधळल्या. "काय करणार? खाल्ली. यांना फार आवडली साठं."

मग त्यांनी डोळे पुसले. "इतकी वर्षं मनात होतं हो. सकाळी तुम्हाला पाहिलं आणि ठरवलं, आज सांगायचंच. आता हलकं वाटतंय मला."

आधी चीफसाहेबांनी तुला हलकं वाटेल म्हणून सांगितलं होतं, आता हिने मला हलकं वाटतंय म्हणून. दोघं नवराबायको आपापलं ओझं उतरवायला जागा शोधत होती आणि दोघांना मनोहरच सापडला होता. त्याला त्या पुसलेल्या डोळ्यांची नवऱ्याच्या चोखण्याइतकीच किळस आली. ही बाई वाईट नव्हती. पण तिला दाराआडचा हात दिसत होता आणि समोर बसलेला म्हातारा दिसत होता, आणि तिने हात मानला. मग त्याच्या पिशवीतली साठं ताटात वाढली.

"तुम्हाला हलकं वाटलं ते तुमच्यापाशी," मनोहर म्हणाला. "मला नका सांगू."

चीफसाहेब पोट चोळत आले. "चला, बीच बघू आणि मग सुटू."

"बीच नाही. मी तुम्हाला हॉटेलवर सोडतो."

"का रे? दिवसाचं ठरलंय आपलं."

"ठरलं होतं," मनोहर म्हणाला. या वेळी त्याने "सर" म्हटलं नाही. दारही उघडून धरलं नाही.

परतीचा रस्ता समुद्राकाठचा. उजवीकडे इमारती, डावीकडे झाडांमधून पाणी, त्यावर उभ्या बोटी. मेधाताई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. चीफसाहेबांना बहुधा वाटलं की बायकोचं काही बिनसलंय. दात कोरता कोरता त्यांनी एक डुलकी काढली. तोंड उघडं पडलं होतं. हॉटेलशी उतरताना म्हणाले, "मग बुधवारी येतोस ना?"

"येतो," मनोहर म्हणाला.

घरी न जाता तो गाडी धुवायला गेला. दाराच्या कप्प्यातली टरफलं काढली, ती अजून चिकट होती. सीट पुसली, पायपुसणी घासली, खिडक्या उघड्या ठेवून तासभर बसून राहिला. तरी अत्तर जाईना.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्याने अनुयाला सगळं सांगितलं. पाइप, कोठडी, खोटी कबुली, ठाण्याला गेलेले अण्णा. सुलेखाही ऐकत होती. तिलाही अण्णांचं माहीत नव्हतं. अनुया तेवीस वर्षांची, चटकन बोलणारी. तिने ताट बाजूला सरकवलं.

"पाच महिने? म्हणजे you knew ती घाण समुद्रात जात होती?"

"हो."

"रोज?"

"जवळजवळ रोज."

"That's disgusting, बाबा."

"हो," मनोहर म्हणाला. त्याला वाटलं होतं ती चीफसाहेबांवर चिडेल. ती आधी त्याच्यावर चिडली आणि ते बरोबरच होतं. सव्वीस वर्षं तो स्वतःला फसवला गेलेला माणूस समजत आला होता. फसवला गेला होताच. पण पाना त्याच्या हातात होता.

थोड्या वेळाने अनुया म्हणाली, "त्या लेक्चरला जा तू. हे पण सांग, की तू केलंस. सगळं सांग. Half-half नको, lah."

बुधवारी एका प्रशिक्षण संस्थेच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती, बरीचशी बोटीवरची तरुण मुलं. मनोहर दुसऱ्या रांगेत बसला. त्याला वाटलं होतं, चीफसाहेबांनी ते पान काढून टाकलं असेल. नव्हतं काढलं. मनोहर भाटकर आपल्याविरुद्ध तोंड उघडेल ही शक्यताच त्या माणसाच्या डोक्यात आली नव्हती. भिंतीवर डोळ्यांवर पट्टी मारलेला तो हसरा पोरगा आठ फूट मोठा झाला.

"योगायोग असा," चीफसाहेब इंग्रजीत म्हणाले, "की ही व्यक्ती आज आपल्यात आहे, आणि मोठ्या मनाने चूक कबूल करायला आली आहे."

मनोहर उठला. त्याने पुढची खुर्ची धरली. त्याने तयारी केली होती, पण आठवलं नाही काही. तो इंग्रजीतच म्हणाला, "तो मी आहे. पाइप मी जोडला. पाच महिने घाण समुद्रात सोडली, मला माहीत होतं. जोडायला यांनी सांगितलं. पकडलो गेल्यावर एकट्याने अंगावर घे असंही यांनीच सांगितलं, माझ्या केबिनमध्ये बसून. मी घेतलं. माझ्यात संस्कार नव्हते असं तिथे लिहिलंय. माझे वडील यांच्या घरी खरं विचारायला गेले, तेव्हा हे बेडरूममध्ये लपले होते."

चीफसाहेब रागावले नाहीत. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, मान जराशी हलवली, घरातल्या भ्रमिष्टाकडे बघून हलवतात तशी. "कोठडीचा परिणाम माणसावर किती खोल होतो ते आपण पाहिलं," ते म्हणाले. "त्याबद्दल आपण सहानुभूती ठेवू या."

मागच्या रांगेतून एका वयस्क पंजाबी गृहस्थांनी विचारलं, "तळाच्या टाक्यांची पातळी रोज चीफ तपासतो. पाच महिने ती वाढत नव्हती, तेव्हा पाणी कुठे जातंय असं तुम्हाला वाटलं?"

"प्रश्न शेवटी घेऊ," चीफसाहेब म्हणाले, आणि पुढचं पान आलं.

शेवटी प्रश्न घेतलेच नाहीत. टाळ्या वाजल्या, कमी वाजल्या, पण वाजल्या. आयोजकांनी शाल दिली. काही मुलं मनोहरकडे चोरून बघत बाहेर पडली. त्या पंजाबी गृहस्थांनी जाताना त्याच्याशी हात मिळवला. नावही विचारलं नाही. चीफसाहेब दुसऱ्या दिवशीच्या विमानाने गेले. पुढे त्यांना कुणी बोलावणं बंद केलं, किंवा ते पान त्यांनी काढलं, असं काही मनोहरच्या कानावर आलं नाही. त्याने चौकशीही केली नाही. त्याला वाटलं होतं, बोलून टाकल्यावर ती शिसारी जाईल. ती गेली नाही. फक्त आता कुठला भाग त्या माणसाचा आणि कुठला आपला, हे त्याला वेगवेगळं दिसायला लागलं.

पुढच्या रविवारी त्याने जयगडला थोरल्या बहिणीला, सुमित्राताईला फोन केला. अण्णा कधी ठाण्याला गेले होते का, असं विचारलं.

"तुला कुणी सांगितलं? मला शपथ घातली होती त्यांनी. तू आत होतास तेव्हा गेले होते. एसटीने गेले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आले. मी अंगणातच होते. म्हटलं, चहा टाकते. तर घरात येईनात. मागच्या दारी गेले, अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाण्याच्या बादल्या ओतून घेतल्या. पाच-सहा तरी. मी विचारलं, अण्णा, कुठे कुणाचं सुतक लागलं का."

"मग?"

"म्हणाले, नाही गं. एका घरी चहा प्यालो."

मनोहरने फोन कानाला तसाच धरून ठेवला. पलीकडे ताई विचारत होती, कुणाच्या घरी रे, कुणाच्या घरी गेले होते ते. मग तो तिला पहिल्यापासून सांगायला लागला.